कुत्रा चालेल का?

माझी नणंद इंग्लंडात लेस्टरला असते. गेल्या उन्हाळ्यात तिने व्हॉट्सअ‍ॅपवर एका घराची जाहिरात पाठवली. नॉरफोकच्या किनाऱ्याजवळचं छोटंसं घर, गारगोटीच्या भिंती, पुढे हिरवळ. आठवड्याच्या भाड्याने मिळणारं. ते लोक सुट्टीसाठी चार दिवस जाऊन राहतात त्यातलं.

मला नवल वाटलं ते घराचं नाही, जाहिरातीचं. किती माणसं झोपू शकतात, शेगडी कोणती आहे, हे जितक्या बारकाईने लिहिलं होतं तितक्याच बारकाईने कुत्र्यांबद्दल लिहिलं होतं. दोनपेक्षा जास्त कुत्रे आणू नयेत. प्रत्येक कुत्र्यामागे वेगळे पैसे. पलंगावर आणि सोफ्यावर चढू देऊ नये. घरात एकट्याला कोंडून बाहेर जाऊ नये. मागच्या अंगणाला कुंपण आहे, त्याची उंची अमुक. दाराशी चिखलाचे पाय पुसायला जुने टॉवेल ठेवले आहेत. आणि शेवटी सूचना : जवळच्या किनाऱ्याच्या एका भागात 1 मे ते 30 सप्टेंबर कुत्र्यांना बंदी आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूला जावे.

नणंदेने खाली लिहिलं होतं, "भाभी, यहाँ तो कुत्तों का भी मेहमानखाना है।"

मी उर्दू आणि मराठी शिकवते. दहावीच्या मराठीत जाहिरातलेखन असतं. मुलं मोठ्या अक्षरात 'त्वरा करा' लिहितात, 'एकावर एक मोफत' लिहितात आणि दुकानाचा पत्ता विसरतात. मी त्यांना दरवर्षी सांगते, जाहिरात वाचून माणसाला फोन करायची गरजच पडू नये, ती चांगली जाहिरात. नॉरफोकच्या त्या घरमालकाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

माझ्या लेकीने ती जाहिरात वाचली आणि म्हणाली, "अम्मी, आपण कितमीरला घेऊन समुद्रावर जाऊया."

कितमीर आमचा कुत्रा. आणि समुद्र आम्हा चौघांपैकी फक्त माझ्या नवऱ्याने पाहिलेला, तोही हाजी अलीचा. आमचा जिल्हा तलावांचा. भंडाऱ्याच्या माणसाला पाण्याचं अप्रूप नाही, पण दुसरा काठ न दिसणारं पाणी आमच्या मुलांनी फक्त पडद्यावर पाहिलं होतं.

कितमीर आमच्याकडे कसा आला ते सांगायला हवं. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरातल्या कितीतरी वस्त्यांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर माझा नवरा एका सहकाऱ्याचं घर साफ करायला गेला होता, तो येताना टोपलीत पिल्लू घेऊन आला. मुठीएवढं, चिखलाने माखलेलं, थरथरत होतं. गावठी कुत्र्याचं पिल्लू, रंग वाळल्या तणसाचा.

सासरे तेव्हा होते. आम्ही सगळे त्यांना अब्बा म्हणायचो. अब्बांनी टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "इसे नीचे रखो. घर में नहीं." दोन दिवस पिल्लू जिन्याखाली होतं. तिसऱ्या दिवशी जुमा होता. अब्बा दर जुम्याला सूरह कहफ पढायचे. त्यात गुहेत जाऊन झोपलेल्या तरुणांची गोष्ट आहे आणि त्यांच्या उंबरठ्याशी पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. कुराणात त्या कुत्र्याला नाव नाही. नंतरच्या भाष्यकारांच्या परंपरेत त्याचं नाव कितमीर आलं. त्या दुपारी अब्बा जिन्याखाली वाकून पाहत होते आणि मुलांना सांगत होते, "कितमीर बोलो इसको." बस्स, नाव पडलं.

मोहल्ल्यात बोलणारे बोलले. ज्या घरात कुत्रा असतो त्या घरात फरिश्ते येत नाहीत, ही हदीस मला अनेकांनी ऐकवली. मला ती ठाऊक आहे. पण शेताची, गुराढोरांची राखण आणि शिकार यासाठी कुत्रा पाळण्याची मुभा आहे, हेही हदीसमध्येच आहे. शिकवलेल्या शिकारी कुत्र्याने धरलेली शिकार खाण्याची परवानगी तर थेट कुराणात आहे. आणि तहानेने जीभ बाहेर काढून ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या पायताणात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केलं, ही गोष्ट आमच्या उर्दू वर्गात लहान मुलं सांगतात. सगळं एकत्र वाचावं लागतं. आम्ही आमच्यापुरता मार्ग काढला. कितमीर व्हरांड्यात राहतो, नमाजच्या खोलीत येत नाही, त्याचं भांडं वेगळं. आम्ही हनफी. आमच्याकडे कुत्र्याची लाळ नापाक मानतात, ती लागली की धुवायचं. धुतो.

2023 मध्ये अब्बा गेले. त्यानंतर एकदा लग्नासाठी आम्ही दोन दिवस गोंदियाला गेलो आणि कितमीरला शेजाऱ्यांकडे ठेवलं. त्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. अब्बांच्या खुर्चीखाली पडून राहिला. तेव्हापासून त्याला मागे ठेवून जाणं नाही, असं मुलांनीच ठरवून टाकलं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न त्याचा आला. रेल्वेने न्यायचं तर एसी फर्स्टचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात ठेवावं लागतं. स्लीपर किंवा टू टियरमध्ये त्याला जागा नाही. कूपे परवडणारा नव्हता आणि पिंजऱ्याला लेकीने साफ नकार दिला. मग आमची जुनी गाडी. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला होता, नागपूर ते आमणे 701 किलोमीटर. भिवंडीजवळ उतरायचं, तिथे माझ्या खालाकडे रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी पनवेल, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धन.

राहिलं घर. मी नेटवर 'पेट फ्रेंडली' लिहिलेली ठिकाणं शोधली आणि फोन करायला बसले.

पहिला फोन. समोरचे गृहस्थ फार छान बोलले. खोली रिकामी आहे. कुत्रा चालेल का? "अहो ताई, आमच्याकडे सगळे कुत्रे घेऊनच येतात. कोणत्या जातीचा?" मी म्हटलं, गावठी. ते हसले, म्हणाले, गावठी सर्वांत हुशार. जेवणाचं विचारलं, सुरमई की पापलेट. मग म्हणाले, आधार कार्डाचे फोटो पाठवा, म्हणजे नोंद करतो. मी पाठवले. पंधरा मिनिटांनी निरोप आला : 'सॉरी, त्या तारखा आधीच भरल्या आहेत.' संध्याकाळी माझ्या नवऱ्याच्या एका सहकाऱ्याने, त्यांचं आडनाव देशमुख असं समजा, त्याच तारखांना फोन केला. खोली रिकामी होती.

आमच्यासाठी हे नवीन नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी भाड्याची खोली शोधताना मी हे पुरेसं पाहिलं आहे. नवीन एवढंच होतं की माझी मुलं शेजारी बसून ऐकत होती. धाकटा सहावीत आहे. तो म्हणाला, "म्हणजे कितमीर चालतो आणि आपण नाही?"

दुसरा फोन. एका वयस्कर बाईंनी उचलला. त्यांनी आधीच सांगितलं, "हे बघा, आमच्याकडे सोवळंओवळं आहे. घरात मांसमच्छी शिजत नाही आणि बाहेरून आणलेलंही चालत नाही. तुमच्या कुत्र्यालासुद्धा दूधभातच मिळेल." मी माझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "नावाचं काही नाही हो, मासळीचं आहे." मला बाईंचा राग आला नाही. अट होती, ती तोंडावर सांगितली होती आणि सगळ्यांना सारखी होती. पण आमची मुलं समुद्रावर जाऊन मासळी न खाता परत येणार नव्हती. मी आभार मानून फोन ठेवला.

तिसरा फोन श्रीवर्धन तालुक्यातल्याच एका गावात, कोकणी मुसलमान कुटुंबाकडे. सलाम झाला. मी उर्दूत सुरुवात केली. पलीकडचे चाचा थोडं थांबून म्हणाले, "बेटी, माझं उर्दू कच्चं आहे. मराठीत बोलू या का?" आम्ही दोघंही हसलो. आमच्याकडे भंडाऱ्यात घरात हिंदुस्तानी आणि दारात मराठी. त्यांच्याकडे घरातही कोकणी मराठीच. मग कुत्र्याची गोष्ट काढली आणि चाचा गंभीर झाले. "बेटी, तुम्ही हनफी असाल. आम्ही शाफई. आमच्याकडे कुत्रा अख्खाच नापाक. ओल्या अंगाने भांड्याला, कपड्याला लागला तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने. घरात म्हातारी आई आहे, पाच वेळची नमाजी. तिला त्रास होईल. तुम्ही या, माझ्या घरी पाहुण्या म्हणून या, पैसे नकोत. पण कुत्रा नाही जमणार."

मी फोन ठेवला आणि खरं सांगते, हसू आवरेना. एका घरी कुत्रा चालतो, आम्ही चालत नाही. दुसऱ्या घरी आम्ही चालतो, मासळी चालत नाही. तिसऱ्या घरी आम्ही चालतो, मासळी चालते, कुत्रा चालत नाही.

त्या रात्री नवरा म्हणाला, "देशमुखांच्या नावाने पहिली खोली घेऊन टाकू. त्यांचं आधार कार्ड देतील ते. तिथे गेल्यावर कोण विचारतं?"

मी काही बोलण्याआधी लेकीने विचारलं, "मग तिथे मी तुला अम्मी म्हणायचं की आई?"

घरात कुणी बोललं नाही. नवऱ्याने मान खाली घातली. त्याला दोष देत नाही. मुलांना समुद्र दाखवायचा होता त्याला, बाकी काही नाही.

मी मुलांना बडोद्याची गोष्ट सांगितली. अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना निघून जायला सांगितलं. त्यांनी एका हिंदू मित्राकडे विचारलं, एका ख्रिस्ती मित्राकडे विचारलं. दोघांनीही काही ना काही कारण सांगितलं. शेवटी गाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. परदेशातल्या विद्यापीठाची पदवी होती त्यांच्याजवळ, आणि डोक्यावर छप्पर मिळवायला दुसऱ्याचं नाव घ्यावं लागलं. तेही टिकलं नाही.

आमचं दुःख त्यांच्या दुःखाशेजारी ठेवण्याएवढं मोठं नाही. आम्हाला बागेत बसावं लागलं नाही, आम्ही आमच्याच घरात बसलो होतो. पण नाव बदलून झोपल्यावर झोप लागत नाही, एवढं त्यातून मुलांना समजावं असं वाटलं. देशमुखांचं कार्ड घेतलं नाही. सुट्टी रद्द करू या, पुढच्या वर्षी पाहू, असं ठरवून आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांचा फोन आला.

"बेटी, रात्री झोप नाही लागली. पाहुण्याला नाही म्हटलं. आईला विचारलं. आई म्हणते, वाडीतली खोली आहे ना. घरापासून लांब आहे, पूर्वी गडी राहायचा. पंखा आहे, न्हाणी आहे. 2020 च्या वादळात पत्रे उडाले होते, ते नवीन घातलेत. तिथे ठेवा कुत्र्याला आणि तुम्हीही राहा. पण चार गोष्टी पाळाव्या लागतील." आणि त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. कुत्रा घराच्या ओटीवर येणार नाही. विहिरीच्या काठावर येणार नाही. त्याचं भांडं तुम्ही घरून आणायचं. आणि कोंबड्या आहेत, तेव्हा तो बांधलेला पाहिजे. मी चारही गोष्टी कागदावर लिहून घेतल्या. भाडंही ठरलं. पाहुणे म्हणून फुकट राहायला मी नाही म्हटलं. तेवढी घासाघीस उलट्या बाजूने झाली.

आम्ही गेलो. भिवंडीला खालाने कितमीरला गाडीतच झोपवलं, पण रात्री दोनदा उठून त्याला पाणी दिलं. दुसऱ्या दुपारी श्रीवर्धनला पोचलो. वाडीत सुपारीची झाडं उभी होती, पण मधे मधे मोठी मोकळी जागा. जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या, त्याच्या त्या खुणा. नवीन लावलेली सुपारी अजून लहान होती. सुपारीला धरायला काही वर्षं लागतात, चाचांनी सांगितलं. त्याच साली ऑगस्टमध्ये आमच्याकडे पूर. मी चाचांना म्हटलं, हा कुत्रा त्या पुराचा आहे. त्यांनी पहिल्यांदाच कितमीरकडे नीट पाहिलं.

समुद्र पाहून धाकटा पाच मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "हे कुणी भरलं?" कितमीर पहिल्या लाटेला भुंकला, दुसऱ्या लाटेला पळाला, तिसऱ्या लाटेत बसला. त्याला मोकळं सोडावंसं वाटत होतं, पण चाचांनी आधीच बजावलं होतं. हरिहरेश्वर, दिवेआगर, पलीकडे वेळास, या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि कुत्रे ती घरटी उकरतात. वेळासला तर 2002 पासून गावकरी आणि निसर्गप्रेमी ही अंडी जपतात, पिल्लं समुद्रात सोडतात, आणि ते पाहायला येणाऱ्या लोकांना गावातल्या घरांमध्ये उतरवतात. म्हणून साखळी सोडायची नाही. नॉरफोकच्या जाहिरातीतली किनाऱ्याची सूचना मला आठवली. तिथेही जाहिरातीत स्वागत होतं आणि खाली मर्यादाही होती, पण दोन्ही लिहिलेलं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी चाचांच्या आई, आम्ही त्यांना दादीजान म्हणू लागलो होतो, काठी टेकत वाडीच्या वाटेपर्यंत आल्या. दहा पावलांवर उभ्या राहिल्या. कितमीर बांधलेला होता. तो उठून बसला, पण भुंकला नाही. दादीजान म्हणाल्या, "काय नाव त्याचं?" लेकीने सांगितलं. त्यांनी नाव ओळखलं. "गुहेतला," त्या म्हणाल्या. मग पदरातून मांदेलीची दोन डोकी काढून त्यांनी लांबूनच टाकली आणि चाचांना म्हणाल्या, "कोरडं कोरड्याला लागलं तर काही होत नाही रे. मला ठाऊक आहे." तरी पुढे आल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी वुजू केला असेल, मगरिबची वेळ झाली होती.

परतताना माणगावहून थोडी वाकडी वाट करून महाडला गेलो. मुलांना चवदार तळं दाखवायचं होतं. नवरा कितमीरला घेऊन बाहेर सावलीत थांबला, मी मुलांना घेऊन काठावर गेले. हे तळं महाड नगरपालिकेने कागदोपत्री 1924 मध्येच सर्वांना खुलं केलं होतं. पण 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह येऊन ओंजळ भरली, तोपर्यंत अस्पृश्यांना तिथलं पाणी घेता येत नव्हतं. गुरं पीत होती, कुत्री पीत होती, माणसं नाही. मग कोर्टात खटला चालला आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. धाकटा म्हणाला, "म्हणजे तेव्हापण कुत्रा चालत होता." मी त्याला राज्यघटनेतलं पंधरावं कलम सांगितलं. दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक उपाहारगृहं, विहिरी, तलाव, कुठेही धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून नागरिकाला अडवता येणार नाही. शाळेत उद्देशिका रोज म्हणतो तो, पण हे कलम त्याला नवीन होतं. तो म्हणाला, "मग त्या पहिल्या काकांना हे माहीत नाही का?" मी म्हटलं, माहीत असेल. म्हणून तर त्यांनी तारखा भरल्याचं सांगितलं.

आणि ज्यांनी हे कलम लिहिणाऱ्या समितीचं काम सांभाळलं, त्यांनी 1954 मध्ये आमच्याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती आणि आमच्या जिल्ह्याने त्यांना हरवलं होतं. हेही मी मुलांना सांगितलं. आपल्या गावाबद्दल फक्त तलाव आणि तांदूळ सांगून भागत नाही.

घरी आल्यावर मी चाचांना पोचल्याचा फोन केला. ते म्हणाले, "बेटी, तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, ती खोली अशीच देत जा. कुत्रेवाल्यांना. पण मला ते नेटवर लिहायला जमत नाही."

लेकीने फोन हातातून घेतला आणि वही काढली. तिच्या दहावीच्या सरावाची जाहिरात ती अशी झाली :

'श्रीवर्धनजवळ, सुपारीच्या वाडीत, समुद्रापासून पायी अंतरावर एक खोली भाड्याने. चार माणसे, एक कुत्रा. ताजी मासळी मिळेल. कुत्र्याने ओटीवर व विहिरीवर येऊ नये, भांडे घरून आणावे, कोंबड्यांमुळे बांधून ठेवावे. किनाऱ्यावर कासवांची घरटी असतात, साखळी सोडू नये. सर्व धर्मांच्या व जातींच्या माणसांचे स्वागत.'

मी लाल पेन घेतलं. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही. फक्त पत्ता आणि फोन नंबर विसरली होती, त्याचे दोन गुण कापले.